कोपऱ्यात सरकवलेला एरर

मी एरर बोलतोय. अहो थांबा, लगेच हात माऊसकडे कशाला? बंद करायचंय तर करा, पण नंतर. जन्माला आल्यापासून मला कुणी धड पूर्ण वाचलेलं नाही. तुम्ही निदान निम्मं तरी वाचा, तेवढंही खूप झालं.

दिसायला मी म्हणजे एक चौकोन. डोक्यावर पट्टी, पट्टीच्या टोकाला फुली, पोटात दोन-तीन ओळी आणि पायाशी दोन बटणं. शेजारी पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, म्हणजे दिसायलाच भांडकुदळ. कुठेतरी काहीतरी बिघडलं की मी जन्माला येतो. घरात मूल झालं की लोक हसतात म्हणे. मी आलो की लोक म्हणतात, "आयला, आता काय याचं!"

आवाज म्हणाल तर मला एकच येतो. टडंग! बस. सगळं दुःख त्या एका टडंगमध्ये कोंबायचं. आणि बटण दाबलं की मी मेलो. तुमचा तेराव्या वर्षाचा पिंपल माझ्यापेक्षा जास्त जगतो.

माझी भावंडंही तसलीच. एक भाऊ सारखा ओरडतो, "प्रिंटर सापडत नाही." प्रिंटर त्याच्या नाकासमोर स्टुलावर बसलेला असतो, पण वायर उंदराने खाल्लेली. दुसरा म्हणतो, "हा प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही," आणि स्वतः तिथेच गोठून बसतो, स्क्रीन पांढरी फटक. तिसरा अपडेटवाला. तो तर पाहुण्यासारखा, नको त्या वेळी येणार आणि "नंतर या" म्हटलं की दहा मिनिटांनी परत दारात.

मी ज्या घरात जन्मलो तिथे कम्प्युटर पुढच्या खोलीत, खिडकीखाली होता. कॅबिनेटवर एक फुलदाणी, मॉनिटरवर हात पुसायचा टॉवेल. घरात चार माणसं. बाबा, आई, दादा आणि चिऊ. चिऊ म्हणजे धाकटी मुलगी. चांगली नोकरी करते, चष्मा लावते, दोन जणांना कामाला लावते, पण घरात नाव अजून चिऊच.

दादाला घरात सगळे इंजिनियर म्हणायचे. शिकला नव्हता हो तसलं काही. एकदा त्याने पंख्याचं बटण दुरुस्त केलं आणि त्या दिवसापासून पदवी चिकटली. या इंजिनियरने एकदा कम्प्युटरशी खेळता खेळता त्याची भाषा मराठी करून टाकली. परत इंग्रजी कशी करायची ते काही त्याला सापडेना, कारण ते शोधायचं बटणही आता मराठीत होतं. शेवटी म्हणाला, "मुद्दामच केली मी. आईला सोपं पडेल."

म्हणून मी मराठीत बोलतो. पण मराठी कसली, टाय लावून पाटावर बसल्यासारखी. "कृपया अनावश्यक फाइली काढून टाका व पुन्हा प्रयत्न करा." असं कोण बोलतं घरात? आईने जेवायला वाढताना "कृपया अनावश्यक भात काढून टाका" म्हटलंय कधी?

या घरात एरर आला की उपाय ठरलेले. पहिला उपाय रिफ्रेश. दादा माऊसचं उजवं बटण दाबून रिफ्रेश मारायचा, एकदा नाही, धडाधड, शेंगा सोलल्यासारखा. त्याने काय होतं? काही होत नाही. पण हाताला काम मिळतं. दुसरा उपाय कॅबिनेटच्या कुशीत एक थाप. तिसरा उपाय म्हणजे ब्रह्मास्त्र, "बंद करून चालू कर." त्याने दहातले सात रोग बरे व्हायचे, हे मी पण मान्य करतो. उरलेल्या तिनांचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

आणि एक खास घरगुती उपाय होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मला कोपऱ्यात सरकवायचं. 'रद्द करा' दाबलं तर सगळा प्रोग्रॅमच बंद पडतो, हे चिऊच्या लक्षात आलं होतं. 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं तर मी पुन्हा टडंग करून हजर. मग तिने काय करावं? माझा कान धरला, म्हणजे वरची पट्टी, आणि ओढत ओढत खालच्या उजव्या कोपऱ्यात नेऊन मला अर्धा स्क्रीनबाहेर ढकललं. माझा फक्त त्रिकोण दिसत राहिला. बाकी सगळा मी भिंतीपलीकडे.

"अगं, तो एरर गेला का?" दादा विचारायचा.

"गेला नाही, पण गप बसलाय."

घरातल्या सगळ्यांना ती युक्ती इतकी आवडली की आईसुद्धा मला सरकवायला शिकली. झाडू मारताना खुर्ची सरकवते ना, तसं.

आता बाबांबद्दल सांगतो.

बाबा बस स्टँडवर घोषणा करायचे. काचेच्या खोलीत बसून, माईकसमोर. "लक्ष द्या! फलाट चारवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." जन्मभर हेच. कुणाचं पोर हरवलं, कुणाची पिशवी राहिली, कुणाची म्हातारी चुकली, चिठ्ठी काचेखालून आत यायची आणि बाबा वाचायचे. हातात आलेली चिठ्ठी न वाचता परत पाठवली नाही कधी. घरातही तसंच. तेलाच्या डब्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, जे दिसेल ते मोठ्याने वाचायचे. आई म्हणायची, "अहो, मिठाच्या पुड्याची घोषणा नको, मीठ द्या."

त्या बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही.

हे ऐकून घर कसं झालं ते मी सांगत नाही. मला तेवढे शब्द दिलेले नाहीत.

पण त्याच डॉक्टरांनी एक मार्ग सांगितला. रोजची वाक्यं आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. ऑपरेशननंतर टॅबलेटवर बोट ठेवलं की तेच वाक्य त्यांच्याच आवाजात वाजेल. चिऊ त्याच संध्याकाळी माईक घेऊन आली. कम्प्युटरवर रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम टाकला, लाल बटण दाबलं, आणि टडंग! मी जन्मलो.

पोटात लिहिलं होतं: "डिस्कवर पुरेशी जागा शिल्लक नाही. आपले रेकॉर्डिंग साठवले गेलेले नाही. कृपया अनावश्यक फाइली काढून टाका व पुन्हा प्रयत्न करा."

जागा कुठे गेली होती? दादाच्या पिच्चरांनी खाल्ली होती. मारामारीचे पिच्चर, एकेक पिच्चर दोन दोनदा, कारण पहिला कुठे ठेवला ते आठवायचं नाही म्हणून पुन्हा आणायचा.

मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं महत्त्वाचं काही सांगायला आलो होतो. आणि चिऊने माझा कान धरला.

मी कोपऱ्यात.

तिची चूक नव्हती हो. तिला स्क्रीनवर आवाजाच्या हिरव्या लाटा दिसत होत्या. वाजवून बघितलं तर बाबांचा आवाज यायचा. मग शंका कशाला येईल? पण ते सगळं कम्प्युटरच्या नुसत्या डोक्यात होतं. डिस्कवर एक अक्षर उतरलं नव्हतं. बंद केलं की गेलं.

माझं टडंग रेकॉर्डिंगमध्ये यायला लागलं म्हणून दादाने स्पीकरची वायर काढून ठेवली. रेकॉर्डिंग ऐकायला हेडफोन. म्हणजे आधी लोटलं, मग तोंडाला पट्टी.

ते दिवस मात्र झकास होते. बाबा दुपारी माईकसमोर बसायचे, पाठ ताठ, ड्यूटीवर असल्यासारखे. चिऊ वाक्य सांगायची, बाबा बोलायचे.

"चहा टाक."

"पंखा कमी कर."

"मला झोप आलीय, तुम्ही बसा गप्पा मारत."

"बाबा, राग आल्यावर काय म्हणता ते पण बोला."

"राग येतोच कुठे मला?"

आतून आई, "खोटं पण रेकॉर्ड होतंय का गं?"

मग आईला हाक मारायची पाळी आली. बाबा आईला नावाने हाक मारायचे नाहीत. "अगं ए, ऐकलंस का?" अशी हाक. चिऊ म्हणाली, तीन तऱ्हेने मारा. साधी, घाईची आणि लाडाची. बाबांनी साधी मारली, घाईची मारली. लाडाची मारली तेव्हा आई पोळीचं लाटणं हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "वय काय, चाललंय काय!" आणि पदराने तोंड झाकून आत पळाली. इतकी हसली की भांडं पडल्याचा आवाज आला.

ते सगळं हिरव्या लाटांत होतं आणि मी कोपऱ्यातून बघत होतो. साठवलं गेलेलं नाही. साठवलं गेलेलं नाही. दुसरं काही बोलताच येत नव्हतं मला, आणि तेही अर्धं भिंतीपलीकडे.

रोज संध्याकाळी आई मॉनिटरचं बटण बंद करायची आणि म्हणायची, "झाला बंद कम्प्युटर." तो नुसता पडदा मिटायचा, आतली घरघर चालूच. या अडाणीपणाला मी किती धन्यवाद देऊ? त्या एका चुकीमुळे बाबांचा आवाज दिवसेंदिवस जिवंत राहिला.

मग ऑपरेशनचा आदला दिवस आला. चिऊ दवाखान्यात कागदपत्रांसाठी गेली. जाताना दादाला म्हणाली, "बाबांचं रेकॉर्डिंग टॅबलेटवर घेऊन ठेव. जमेल ना?"

"म्हणजे काय! इंजिनियर कशाला म्हणतात मग?"

दादा बसला. कम्प्युटर आधीच धापा टाकत होता, एवढा सगळा आवाज डोक्यात धरून. माऊस हलवला तर बाण लंगडत चालायचा. दादाने रिफ्रेश मारला. धडाधड मारला. स्क्रीन पांढरी झाली. माझा गोठलेला भाऊ वर येऊन बसला, "प्रतिसाद देत नाही."

दादाने थाप मारली. मग खुर्चीवर मागे रेलला आणि स्वतःशीच म्हणाला, "एकदा बंद करून चालू करतो. सुसाट पळेल."

नको रे! मी कोपऱ्यात होतो, त्रिकोण दिसत होता, त्याचा डोळा माझ्यावरून एकदा फिरलासुद्धा. टडंग म्हणावं तर स्पीकर नाही. थोडं पुढे सरकावं तर मला पाय नाहीत, मला दुसऱ्याने ओढावं लागतं. अरे गाढवा, एकदा माझा कान धर आणि आत ओढ, तीनच ओळी आहेत!

त्याचं बोट कॅबिनेटच्या बटणावर गेलं. दाबून धरलं. त्याला वाईट करायचं नव्हतं. बापाचं काम नीट व्हावं म्हणूनच तो ते बटण एवढ्या मन लावून दाबत होता.

घरघर थांबली. "अगं ए, ऐकलंस का?" गेलं. साधी, घाईची, लाडाची, तिन्ही गेल्या.

संध्याकाळी चिऊ परत आली तेव्हा कम्प्युटर खरोखरच सुसाट होता. आणि यादी कोरी.

"दादा, बाबांचं कुठंय?"

"असेल गं इथेच. रिफ्रेश मार."

"मारला."

"अजून मार."

तिने रिसायकल बिन बघितला, सगळे कप्पे बघितले. शेवटी नाक्यावरच्या कम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "मॅडम, सेव्ह झालं होतं का?"

"हो ना. दिसत होतं स्क्रीनवर. वाजत पण होतं."

"दिसणं वेगळं हो. मधे कुठला एरर आलेला का?"

चिऊने स्क्रीनच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "येतच असतो. आम्ही बाजूला सरकवतो."

दुरुस्तीवाला म्हणाला, "मग आता काही होणार नाही, मॅडम."

दादा स्टुलावर बसला. प्रिंटर मांडीवर घेऊन. का घेतला त्यालाही माहीत नसेल.

बाबा आतून आले. त्यांना आता बोलायची मनाई होती, इतक्या दिवसांच्या रेकॉर्डिंगने घसा आधीच फाटलेला. चिऊने सांगितलं, रडत रडत सांगितलं. दादा मान खाली घालून म्हणाला, "मी बंद केला, बाबा. मला वाटलं..."

बाबांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली, जोरात नाही. खुर्चीत बसले, पाठ ताठ केली आणि खरखरीत आवाजात म्हणाले, "लाव माईक. होईल तेवढं करू."

या वेळी लगेच वाजवून बघायचं म्हणून चिऊने स्पीकरची वायर जोडली, प्रोग्रॅम उघडला, लाल बटण दाबलं.

टडंग!

मी पुन्हा आलो. तोच मी, त्याच तीन ओळी. आणि सवयीने चिऊचा हात माझ्या कानाकडे आला. ओढायला सुरुवातसुद्धा केली.

"थांब," बाबा म्हणाले. "ते काय म्हणतंय?"

"काही नाही बाबा, तो येतोच. बोला तुम्ही."

"येतो ते कळलं गं. म्हणतोय काय पण?"

त्यांनी चष्मा लावला. पुढे वाकले. मी त्यांच्या काचेसमोर आलेली चिठ्ठी होतो. आणि तो माणूस चिठ्ठी न वाचता कसा राहील? त्यांनी घसा खाकरला, आणि फाटक्या घशातून कुठून कोण जाणे, स्टँडवरचा आवाज निघाला.

"लक्ष द्या! डिस्कवर पुरेशी जागा शिल्लक नाही. आपले रेकॉर्डिंग, साठवले, गेलेले, नाही!"

आई ओले हात तसेच घेऊन दारात आली. तीच वाक्यं चिऊच्या डोळ्यांखालून किती वेळा गेली होती, पण बापाच्या तोंडून आल्यावर तिच्या कानात शिरली.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून... दादा! तुझे पिच्चर!"

"एवढे कुठे आहेत..."

"अरे इंजिनियर," बाबा हसले, हसता हसता खोकले, "बापाच्या आवाजाला जागा नाही आणि तुझ्या मारामाऱ्यांना आहे होय रे?"

दादाने माऊस हिसकावून घेतला. पिच्चर उडवायला लागला, आवडीचे, नावडीचे, एकही नाव न वाचता. सगळे उडवले. मग 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं.

टडंग. मी होतो तिथेच.

"आता काय मेल्याला पाहिजे!" दादा रडकुंडीला आला.

आई दारातूनच म्हणाली, "ते टाकलंस कुठे?"

"रिसायकल बिनमध्ये."

"मग डबा घरातच आहे ना? ओतून ये की बाहेर."

दादाने बिन रिकामा केला. चिऊने माझ्या बटणावर बोट ठेवलं आणि या वेळी दाबण्याआधी तिन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या. खरं सांगतो, मरताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. माझं सांगणं पोचलं होतं. हिरवी पट्टी सरकत टोकाला गेली आणि मी संपलो.

"झालं सेव्ह! बाबा, बोला. आधी आईची हाक."

बाबांनी आईकडे बघितलं. तोंड उघडलं. ओठ हलले, "अगं ए"चेच हलले, पण स्क्रीनवर लाट आलीच नाही. नुसती हवा. ती घोषणा शेवटची होती. घशात जे काय उरलं होतं ते त्यांनी माझ्यावर खर्च करून टाकलं होतं, उरलंसुरलं इंजिनियरवर.

चिऊने थोडा वेळ लाल बटण चालू ठेवलं. मग आईनेच पुढे होऊन माईक खाली ठेवला आणि बाबांना पाणी दिलं.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आहेत, तब्येत झकास आहे, आवाज नाही. त्या संध्याकाळचं लाल बटण दाबल्यापासून सेव्ह होईपर्यंतचं जेवढं आहे तेवढंच आहे. चिऊने त्याचे तुकडे करून टॅबलेटवर बटणं बनवली. "थांब." "ते काय म्हणतंय?" "अरे इंजिनियर." एक हसू, एक खोकला. चहासाठी काही नाही. पंख्यासाठी नाही. हाकेची तर एकही नाही.

आणि एक बटण माझं आहे, त्या घोषणेचं. म्हणजे तिथे मी राहतो आता, एका छोट्या फाइलीत. इतकी वर्षं मला टडंगशिवाय आवाज नव्हता, आता मला बाबांचा आवाज आहे. हा सौदा मी मागितला नव्हता. माझ्या वाट्याला आला तो त्यांच्या हाकेच्या जागी आला, हे मला रोज टोचतं. परत देता आला असता तर टडंगवर आनंदाने जगलो असतो. पण मला कोण विचारतंय, आणि विचारलं तरी मला हलता कुठे येतं?

दादा हल्ली कुठलाही एरर आला की मोठ्याने वाचतो. मिठाचा पुडाही वाचतो. रिफ्रेश मारायचं सोडलं त्याने.

तर मंडळी, एवढंच मागणं. माझ्यासारखा कुणी तुमच्या स्क्रीनवर आला तर त्याचा कान धरायच्या आधी एकदा वाचा. नाही कळलं तर मोठ्याने वाचा, घरातल्या कुणाला तरी कळेल. आम्ही भांडायला येत नाही हो, आम्हाला तोंडच तसलं दिलंय.

आत्ता दुपार आहे. बाबा खिडकीपाशी बसलेत. त्यांना आई हवी आहे, काम काही नाही, उगाच. ते टॅबलेट जवळ ओढतात, यादीवर बोट फिरवतात, आणि दुसरं काही नाही म्हणून माझ्यावर बोट ठेवतात.

"लक्ष द्या!" मी म्हणतो, स्टँडवरच्या आवाजात.

आणि आतून, हात पुसत पुसत, आई ओ देते, "आले हो, आले."